पत्ता फुनाफुतीचा, जर्सी नानुमेआची

ट्रेनमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज जरा लांब जायचंय. पॅसिफिक महासागरात, हवाई आणि ऑस्ट्रेलियाच्या साधारण मधोमध, तुवालू नावाचा एक देश आहे. नऊ बेटं, सगळी मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर, आणि माणसं अकरा हजारांच्या आसपास. आपल्याकडे एका मोठ्या टाउनशिपमध्ये याहून जास्त लोक राहतात. पण या अकरा हजारांमध्ये बेटाबेटांची आपसात जी चुरस असते ना, ती बघितली की आपलं भारत-पाकिस्तान थोडं सौम्य वाटायला लागतं. आजचा विषय ती चुरसच आहे: तुवालू गेम्स. म्हणजे देशातल्या देशात, बेटवार टीम करून खेळायच्या स्पर्धा. फुटबॉल, व्हॉलीबॉल, रग्बी, धावणं, आणि त्यांचे स्वतःचे जुने खेळ.

मी या देशापर्यंत पोचलो कामामुळे. तुमच्यापैकी निम्मे जण ट्विच बघत असतील. त्याच्या पत्त्याच्या शेवटी डॉट टीव्ही येतं. ते टेलिव्हिजनचं टीव्ही असं सगळ्यांना वाटतं, पण तो तुवालूचा देश-कोड आहे, जसा आपला डॉट इन. इंटरनेटवाल्यांनी दोन अक्षरं वाटली तेव्हा यांना नशिबानं ही मिळाली. २००० साली त्यांनी एका अमेरिकन कंपनीशी करार केला, बारा वर्षांत पाच कोटी डॉलरचा, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तुवालू संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. सदस्यत्वाचा खर्च परवडायला लागला त्याला हे डोमेनचे पैसेही कारण होते. आम्ही डोमेन रिन्यू करताना कार्डावरून जे पैसे कापून घेतो, त्यातला थोडा वाटा कुठेतरी नारळाच्या झाडाखाली जातो, हे कळल्यावर मी त्या देशाबद्दल वाचत सुटलो. डोमेनची गोष्ट सगळे सांगतात. बेट बुडतंय ही गोष्टही सगळे सांगतात. खेळाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही, आणि मला विचाराल तर हा देश समजून घ्यायला तीच जास्त कामाची आहे.

आधी उच्चारांचं एक लक्षात ठेवा. त्यांच्या लिपीत जी हे अक्षर 'ङ' सारखं बोलतात. म्हणून रोमनमध्ये तोफागा दिसलं तरी वाचायचं तोफांगा. माझ्या तोंडून एखादं नाव वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्या.

तर, ग्राउंडपासून सुरुवात करू. राजधानी फुनाफुती. राजधानी म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते काढून टाका. फुनाफुती हे प्रवाळबेट आहे. मध्ये निळं शांत पाणी आणि भोवती जमिनीची बारीक, तुटक कड. त्यातल्या फोंगाफाले नावाच्या तुकड्यावर देशातले निम्म्याहून जास्त लोक राहतात. हा तुकडा सगळ्यात रुंद असतो तिथे साधारण ४०० मीटर, आणि अरुंद असतो तिथे एका बाजूनं दगड मारला तर दुसऱ्या बाजूच्या समुद्रात पडेल. आता एवढ्या जागेत मैदान कुठून आणणार?

तर १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन सैन्यानं इथे विमानांसाठी धावपट्टी बांधली. जपानशी लढायला. युद्ध संपलं, सैन्य गेलं, धावपट्टी राहिली. आजही देशाचा एकमेव विमानतळ तोच. आणि आठवड्यातून मोजकीच विमानं येत असल्यामुळे, ऊन उतरलं की अख्खं गाव धावपट्टीवर. इकडे फुटबॉल, तिकडे व्हॉलीबॉलची जाळी, पलीकडे रग्बी, मध्येच स्कूटरवर चक्कर मारणारी मंडळी. विमान यायचं असलं की सायरन वाजतो, लोक बाजूला होतात, विमान उतरतं, थोड्या वेळानं पुन्हा बॉल फिरायला लागतो. आपल्याकडे गल्लीत 'गाडी आली रे' ओरडून स्टंप उचलतात, तसंच. फक्त गाडी जरा मोठी.

रीतसर स्टेडियम म्हणावं असं एकच आहे, वैआकू भागातलं तुवालू स्पोर्ट्स ग्राउंड. साधारण दीड हजार माणसं मावतात. हिशोब करा, म्हणजे देशातला सातवा-आठवा माणूस एका मॅचला बसू शकतो. खालची जमीन प्रवाळाची, कडक. तिथे स्लायडिंग टॅकल करायचं धाडस माझ्यात तरी नाही.

आता मुद्द्याकडे येतो. या स्पर्धांमध्ये टीम कशी ठरते?

आपल्याला सवय काय आहे? तुम्ही जिथे राहता त्या शहराकडून खेळता. मुंबईत राहता, मुंबईकडून. आयपीएलमध्ये तर तेही नाही, जो लिलावात जास्त पैसे देईल त्याच्याकडून. तुवालूमध्ये तसं नाही. तिथे तुम्ही तुमच्या बेटाकडून खेळता, आणि तुमचं बेट म्हणजे तुमच्या घराण्याचं बेट. जन्म फुनाफुतीत झाला, शाळा फुनाफुतीत, नोकरी फुनाफुतीत, रोज संध्याकाळी धावपट्टीवर खेळणंही फुनाफुतीत. पण वडिलांचं बेट नानुमेआ असेल, तर जर्सी नानुमेआची.

आणि हे नानुमेआ काही शेजारी नाही बरं का. फुनाफुतीपासून साडेचारशे किलोमीटरवर, देशाच्या पार वायव्य टोकाला. तिथे विमान उतरत नाही. कुठल्याच बाहेरच्या बेटावर उतरत नाही. जायचं तर सरकारी बोटीनं. त्यातली एक 'निवांगा ३', २०१५ मध्ये जपाननं भेट दिलेली. बोट बेटाच्या बाहेर उभी राहते, कारण बहुतेक बेटांना मोठ्या बोटीचा धक्काच नाही. मग छोट्या होडीत उतरायचं आणि लाटांचा अंदाज घेत प्रवाळाच्या कडेतून आत शिरायचं, सामानासकट, आजीसकट, कधी डुकरासकट. समुद्र खवळलेला असला तर थांबायचं. अशा बेटावर फुनाफुतीतल्या कितीतरी पोरांनी वर्षानुवर्षं पाऊल टाकलेलं नसतं. तरी मॅचच्या दिवशी ती पोरं नानुमेआची असतात आणि समोरची पोरं वाइतुपूची.

क्लबची नावं बघितली तरी हे कळतं. देशाच्या फुटबॉल लीगमध्ये तोफांगा हा क्लब वाइतुपूचा, नाउती फुनाफुतीचा, मानु लाएवा नुकुलाएलाएचा, आणि लाकेना युनायटेड नानुमेआचा. लाकेना हा नानुमेआचाच एक छोटा तुकडा आहे, त्याच्यावरून नाव. म्हणजे लीग असो, कप असो की गेम्स, जुंपते ती बेटांमध्येच.

आम्ही सॉफ्टवेअरवाले फॉर्म बनवतो तेव्हा त्यात पत्त्याचे दोन रकाने असतात, सध्याचा आणि कायमचा. आपण दुसऱ्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' वर टिक मारून मोकळे होतो. तुवालूमधला माणूस ती टिक मारत नाही, आणि त्याची टीम त्या दुसऱ्या रकान्यावरून ठरते. डेटाबेस कळणाऱ्यांसाठी सांगतो: प्रायमरी की तिथे आहे.

हे असं घट्ट का बसलंय, हा प्रश्न मला पडला. नुसती परंपरा म्हणून सोडून द्यायचं नव्हतं. तेव्हा वाइतुपूची एक गोष्ट सापडली, ती थोडी नीट सांगतो.

एकोणिसाव्या शतकात सामोआतल्या आपिया बंदरातून धंदा करणारी एक जर्मन व्यापारी कंपनी होती, रूगे कंपनी. तिचं वाइतुपूच्या लोकांवर १३,००० डॉलरचं कर्ज झालं. त्या काळात, खोबरं विकून जगणाऱ्या बेटावर, तेरा हजार डॉलर! कंपनीनं सांगितलं की मुदतीत पैसे आले नाहीत तर बेट ताब्यात घेऊ. एखादं शेत किंवा घर नव्हे, बेट. सगळ्या लोकांनी मिळून ते कर्ज फेडलं, आणि शेवटचा हप्ता गेला २५ नोव्हेंबर १८८७ ला. त्या दिवसाला वाइतुपूवाले 'ते आसो फिआफिआ' म्हणतात, आनंदाचा दिवस, आणि दरवर्षी २५ नोव्हेंबरला साजरा करतात. कर्जमुक्तीचा वार्षिक उत्सव! आपल्याकडे होम लोनचा शेवटचा हप्ता गेल्यावर असं काहीतरी सुरू करायला हरकत नाही.

इतर बेटांचेही असे आपापले दिवस आहेत. फुनाफुतीवाले २३ एप्रिल लक्षात ठेवतात. १९४३ मध्ये त्या दिवशी जपानी बॉम्ब चर्चवर पडला, पण एका अमेरिकन सैनिकानं आत आसऱ्याला बसलेल्या लोकांना आधीच बाहेर काढलं होतं. म्हणजे प्रत्येक बेटाची एक स्वतंत्र आठवण आहे, एक वेळ अशी की आपण संपलो असतो, पण एकत्र होतो म्हणून वाचलो. मग वाइतुपूचा पोरगा तोफांगाची जर्सी घालतो तेव्हा नुसता क्लबकडून खेळत नसतो. त्याच्या पणजोबाच्या पणजोबानं ते बेट सोडवून आणलेलं असतं.

याच वाइतुपूच्या लोकांनी पुढे १९४६ मध्ये फिजी देशातलं किओआ नावाचं एक बेट विकत घेतलं. गर्दी वाढतेय, जमीन पुरणार नाही, म्हणून. १९४७ मध्ये पहिली ३७ माणसं तिथे राहायला गेली. त्यांचे वंशज आज फिजीचे नागरिक आहेत, आणि तरी मूळचे वाइतुपूचेच. ही किओआची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता खेळाकडे. फुटबॉल तुम्हाला माहीत आहे. मला ज्याच्यावर बोलायचंय तो खेळ आहे 'ते आनो'. 'आनो' म्हणजे बॉल. हा त्यांचा अस्सल देशी खेळ, आणि मला वाटतं जगातल्या सगळ्यात गोंधळाच्या खेळांपैकी एक.

कल्पना करा. मोकळं मैदान, त्याला ते 'मालाए' म्हणतात. दोन टीम समोरासमोर, मध्ये सात मीटर अंतर. प्रत्येक टीम रांगांमध्ये उभी, पाच-सहा रांगा, एका रांगेत सहा माणसं. बॉल केवड्याच्या जातीतल्या झाडाची पानं विणून केलेला, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाचा, चांगला घट्ट आणि जड. हातानं टोलवायचा, व्हॉलीबॉलसारखा, आणि जमिनीवर पडू द्यायचा नाही. समोरच्यांकडून पडला की तुम्हाला गुण. दहा गुण आधी करेल तो जिंकला. सोपं वाटतंय? मग ऐका: बॉल एक नाही, दोन असतात. दोन्ही एकाच वेळी हवेत. तुम्ही एकाकडे बघताय तोवर दुसरा डोक्यात. प्रत्येक टीमचा एक कप्तान पुढे उभा असतो, त्याला 'आलोवाका' म्हणतात, आणि त्याच्यासोबत एक पकडणारा, 'तिनो पुकेपुके'. बॉल झेलून कप्तानाच्या हातात द्यायचा हे त्याचं काम. बाकीचे तीसेक जण मागे टोलवतायत, ओरडतायत, हसतायत.

या खेळात मला आवडलं काय, तर त्यात स्टार नाही. फुटबॉलमध्ये एक मेस्सी असला की बाकीचे दहा निभावून जातात. आनोमध्ये चौथ्या रांगेतल्या काकांच्या हातून बॉल निसटला तरी गुण गेलाच. आणि एका टीमला तीस ते छत्तीस माणसं लागतात. हा आकडाही जरा बाजूला ठेवा.

खेळ संपला की प्रकरण संपत नाही. चुरस नाचातही असते. त्यांचा 'फातेले' नावाचा नाच आहे. लाकडी खोक्याभोवती पुरुष बसतात, हातानं ते बडवतात, बायका मागे उभ्या राहून नाचतात. तेच कडवं पुन्हा पुन्हा, दर वेळी आधीपेक्षा जलद, जलद, जलद, आणि एकदम थांबायचं. मग समोरच्या बाजूची पाळी. ते याहून जोरात करणार. पुन्हा तुमची. दोन बाजू असल्याशिवाय फातेले रंगतच नाही. म्हणजे यांच्याकडे स्पर्धा ही भांडणाची पायरी नसून पाहुणचाराची एक पद्धत आहे. जोरात हरवायचं, आणि मग पोटभर खाऊ घालायचं.

देश म्हणून जगाशी खेळतात तेव्हा काय होतं, हे पटकन सांगतो, कारण ते सगळीकडे मिळतं. तुवालू फिफाचा सदस्य नाही. प्रयत्न बरीच वर्षं चालू आहेत, पण एकच कडक मैदान आणि पाहुण्या टीमसाठी हॉटेलच्या मोजक्या खोल्या, तिथे गाडी अडते. २००७ मध्ये सामोआत झालेल्या साउथ पॅसिफिक गेम्सचे सामने वर्ल्ड कप पात्रतेलाही धरले गेले, त्यामुळे फिफात नसताना तुवालू वर्ल्ड कप पात्रता खेळला! फिजीकडून १६-० नं हरले. पण ताहितीशी १-१ बरोबरी केली, आणि ताहिती फिफाचा सदस्य. २०११ च्या पॅसिफिक गेम्ससाठी नेदरलँड्सचे नावाजलेले कोच फोप्पे द हान त्यांना शिकवायला आले होते. २०१३ मध्ये पॅसिफिक मिनी गेम्समध्ये वेटलिफ्टर तुआउ लापुआ लापुआनं देशाला पहिलं आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक मिळवून दिलं. आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला तुवालूचा एकच खेळाडू होता, एतिमोनी तिमुआनी. शंभर मीटर धावला, ११.८१ सेकंद. त्याच स्पर्धेची फायनल उसेन बोल्टनं ९.८१ मध्ये जिंकली. बरोब्बर दोन सेकंदांचा फरक! आणि हा तिमुआनी मुळात फुटबॉलपटू, तोफांगाचा. म्हणजे वाइतुपूच्या टीममधला पोरगा एकटा देशाचा झेंडा घेऊन रिओच्या स्टेडियममध्ये चालला.

पण माझं मत विचाराल तर जगाशी खेळणं ही त्यांची खरी मजा नाही. १६-० हरण्यात कसली मजा? शेजारच्या बेटाला २-१ नं हरवून पुढचं वर्षभर त्यांना चिडवण्यात आहे.

हे मला कळतं, कारण आमच्याकडेही आहे थोडंसं. माझं गाव राजापूर तालुक्यात, वाढलो डोंबिवलीत. आमच्या गाव मंडळाची टेनिस बॉलची टीम आहे, टी-शर्टवर मागे ग्रामदेवतेचं नाव. त्या टीममधले निम्मे जण गावाला शिमगा-गणपतीलाच जातात, मीही त्यातलाच. तरी पलीकडच्या वाडीशी मॅच असली की रात्री झोप नाही. चाकरमान्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आता गंमत अशी की अर्धी पोरं पुण्यात आयटीत, दोघं दुबईत, एक कॅनडात. मॅचच्या आधीच्या आठवड्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोण कोण येतंय' पडतं आणि अकरा आकडा गाठेपर्यंत कप्तानाला घाम फुटतो. फरक एवढाच की आमचं गाव जागेवर आहे. रात्रीची गाडी पकडली की सकाळी गावात.

तुवालूचं तसं राहील का, हे सांगता येत नाही. नासाच्या अभ्यासानुसार तिथली समुद्राची पातळी तीस वर्षांत साधारण १५ सेंटिमीटर वाढलीय. एका वितीहून थोडं कमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्या देशाची सगळ्यात उंच जागा पाच मीटरच्या आत आहे तिथे वीतभर म्हणजे खूप. मोठी भरती आली की पाणी जमिनीच्या खालून, प्रवाळाच्या छिद्रांतून वर येतं. धावपट्टीच्या कडेलाही येतं.

म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये तुवालू आणि ऑस्ट्रेलियानं करार केला. 'फालेपिली' त्याचं नाव, त्यांच्या भाषेत चांगला शेजारधर्म. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो लागू झाला. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहायला, शिकायला, काम करायला व्हिसा मिळतो. लॉटरी काढून. २०२५ च्या जून-जुलैमध्ये पहिली लॉटरी झाली, तेव्हा घरच्यांना धरून ८,७५० लोकांनी नावं नोंदवली. अकरा हजारांपैकी!

यावर आपल्याकडच्या बातम्यांमध्ये एकच सूर होता: देश रिकामा होतोय. मी जरा वेगळा विचार करून बघितला. नाव नोंदवणं म्हणजे निघून जाणं नव्हे. हा व्हिसा परत येण्याजाण्याची मुभा देतो, म्हणून कित्येकांनी हातात असलेला बरा म्हणून नोंदवलं असेल. मीही नोंदवलं असतं. तुम्हीही.

पण २८० हा आकडा खेळाच्या मैदानावर ठेवून बघा. नुकुलाएलाए या बेटाची लोकसंख्या तीनशेच्या आसपास आहे. म्हणजे दरवर्षी साधारण एका नुकुलाएलाएएवढी माणसं देशाबाहेर जाऊ शकतात. आणि आता तो आनोचा आकडा आठवा. एका टीमला तीस ते छत्तीस जण. तीनशेच्या बेटावर राहणाऱ्यांमधूनच टीम करायची म्हटली तर दर दहा माणसांमागे एक मैदानात हवा, तान्ही बाळं आणि पणजी धरून. फुनाफुतीत राहणारे नुकुलाएलाएवाले आहेत म्हणून आज हे जमतं. जाणार कोण, तर ज्याला बाहेर काम मिळू शकतं तो. वीस ते पस्तीस वयाचा. म्हणजे नेमका फुटबॉल टीममधला.

सरकारला याची काळजी आहेच. २०२३ मध्ये त्यांनी संविधानात लिहून घेतलं की समुद्रामुळे जमीन गेली तरी देश कायम राहील. त्याआधी, २०२२ मध्ये, तेव्हाचे मंत्री सायमन कोफे यांनी जाहीर केलं की तुवालू 'डिजिटल राष्ट्र' होणार. बेटांचं लेसर स्कॅनिंग, नकाशे, नोंदी, आठवणी सगळं सर्व्हरवर. ते आफुआलिकू नावाचं छोटं बेट पहिलं डिजिटल केलं. माझ्या धंद्यातली माणसं यावर जाम खूश होती. मी स्वतः थ्रीडी मॉडेल वगैरे बघून प्रभावित झालो, तंत्र म्हणून काम झकास आहे. पण सर्व्हरवर बेटाची उंची साठवता येते, झाडं साठवता येतात. वाइतुपूवाल्याला नानुमेआवाल्याकडून हरल्याचा जो राग येतो तो कुठल्या फोल्डरमध्ये ठेवणार? तो यायला समोर नानुमेआवाला लागतो, खराखुरा, दात काढून हसणारा.

आणि इथेच मला त्या जर्सीच्या नियमातली हुशारी दिसते. कुणी बसून ठरवलेली नसेल, पण आहे. टीम जर राहत्या पत्त्यावरून ठरत असती, तर माणूस बोटीत बसला की टीममधून गेला असता. इथे तो नियमच नाही. फुनाफुतीत राहून नानुमेआकडून खेळता येतं, तर ब्रिस्बेनमध्ये राहून का नाही? किओआवाले दुसऱ्या देशाचे नागरिक होऊनही वाइतुपूचे राहिलेच की. न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत तुवालू वंशाचे साडेचार हजारांहून जास्त लोक निघाले, म्हणजे मूळ देशाच्या तब्बल चाळीस टक्के, आणि बेटवार एकत्र जमायची सवय तेही सोबत घेऊन गेले. बाहेर जाणंही त्यांना नवीन नाही. आधीच्या पिढ्या नाउरू आणि बानाबाच्या फॉस्फेटच्या खाणींवर गेल्या, नंतर कितीतरी तरुण परदेशी मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून गेले. टीममध्ये माणसं कमी-जास्त होत राहिली, टीम राहिली.

अर्थात आतापर्यंत जाणारा परत येत होता, किंवा निदान परत यायला जागा होती. ऑस्ट्रेलियातून फुनाफुतीला यायचं म्हणजे आधी फिजीला जायचं, तिथून आठवड्यातल्या मोजक्या विमानांपैकी एक पकडायचं, आणि तिकीट खिशाला भोक पाडणारं. एका मॅचसाठी कोण येईल? आमचा कॅनडावाला तर गणपतीलाही येत नाही. त्यामुळे उद्या कदाचित मेलबर्नच्या एखाद्या पार्कात तुवालू गेम्स भरतील, आणि धावपट्टीवर उरलेले लोक फोनवर लाइव्ह बघतील. डॉट टीव्हीवर बघितले तर तेवढाच वाटा घरी.

तोवर सध्या काय चालू आहे, तर संध्याकाळ झाली की धावपट्टी भरते. आठवड्यातली मोजकी विमानं सोडली तर मैदान मोकळंच.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या गावाची टीम आहे का, आणि त्यात अकरा जण अजून जमतात का, हे व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. पुढच्या भागात काही निवडक नोट्स ऐकवीन. काळजी घ्या.